डावीकडची दारं

१

वेवजीजवळच्या मनोरंजन उद्यानातली मोनोरेल तपासायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर होत्या. असल्या उद्यानांतले पाळणे, चक्रं, छोट्या गाड्या तपासायच्या आणि त्या माणसं बसवण्याजोग्या आहेत की नाहीत ते लिहून द्यायचं, हा माझा व्यवसाय. मी डहाणूत राहते. नवरा रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे. दिवसभरात कुणामुळे जास्त माणसं सुखरूप घरी पोचली यावरून आमचे घरी वाद होतात. मी हरते, पण त्याचं मला वाईट वाटत नाही. आपल्या कामाची मला खात्री आहे. सही करताना माझा हात कधी थरथरला नाही, आणि सही नाकारताना तर नाहीच नाही.

मोनो जुनी होती. लोखंडी खांबांवर दोन मजल्यांच्या उंचीवर एकच जाड तुळई, आणि तिच्यावर मांड ठोकून बसावेत तसे तीन डबे. गेटजवळच्या स्टेशनातून निघायचं, सगळ्या उद्यानाला वळसा घालायचा आणि त्याच स्टेशनात परत यायचं. मध्ये कुठे थांबा नाही. ज्या परदेशी कंपनीने ती बनवली ती कधीच बंद पडली होती, त्यामुळे सुटे भाग मिळत नव्हते. दमण आणि वापीच्या कारखान्यांतून जमेल ते करून घेत उद्यानवाल्यांनी इतकी वर्षं रेटलं होतं. सुट्टीत शाळांच्या सहली येणार होत्या, आणि मोनोवाचून सहलीला काही अर्थ नाही असं मॅनेजर वासुदेवभाईंचं म्हणणं होतं.

मंगळवारी उद्यान बंद असतं. पहिल्या मंगळवारी मी सकाळपासून तिथे होते. ब्रेक, चाकं, वायरिंग असं एकेक बघत दुपारी दारांपाशी आले. प्रत्येक डब्याला दोन्ही बाजूंना दारं आहेत. स्टेशन उजव्या हाताला, म्हणून उजवी दारं उघडतात. डावी पहिल्यापासून कुलूपबंद. मी गुडघ्यावर बसून उजव्या दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी पाहिली. मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. इतक्या वर्षांत लाखो पाय पडले असणार, तेव्हा ते बरोबरच होतं.

मग सवयीने मागे वळून डाव्या दाराची पट्टी पाहिली.

तीही तशीच झिजलेली होती. थोडी जास्तच. तिच्या खाचेत लाल माती दाबून बसली होती, पायांबरोबर येते तशी.

२

मला लगेच कारण सुचलं. डबे आधी दुसरीकडे चालवलेले असणार, तिथे प्लॅटफॉर्म डावीकडे असणार, आणि मग ते जुने डबे रंग देऊन इथे विकले असणार. असे प्रकार मी पाहिले आहेत. वासुदेवभाईंना विचारलं तर ते दुखावलेच. डबे कोरे करकरीत आले होते, लाकडी खोक्यांतून, आणि खोकी फोडताना ते स्वतः उभे होते. खुर्च्यांवरचं प्लास्टिक त्यांनी आपल्या हातांनी काढलं होतं. त्यांच्या आठवणीवर मी विश्वास ठेवला नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं माणसाला जसं हवं तसं आठवतं.

मोनो चालवते ती जमनाताई. झरीच्या एका पाड्यावरची, चाळिशीची बाई. आधी उद्यानात झाडलोट करायची, मग गाडी चालवायला शिकली, आणि आता तिच्याशिवाय गाडीला कुणी हात लावत नाही. तिला मी विचारलं की डावी दारं कधी उघडतात का. ती नाही म्हणाली. मग तिने सांगितलं की मागच्या वळणावर गाडी अलीकडे दम खाते.

दम खाते म्हणजे काय, ते मी विचारून घेतलं. उद्यानाच्या पाठीमागे तुळई कुंपणाच्या भिंतीबाहेर जाते, तिथे डावीकडे वळण आहे. खाली गवताचं रान, पुढे ताडाची चार झाडं, बाकी काही नाही. त्या वळणावर गाडी आपोआप हळू होते. आधी जाणवायचंही नाही. या पावसाळ्यानंतर मात्र ती जवळजवळ थांबायला येते. तेवढा वेळ डब्यांतली माणसं गप्प होतात, पोरंसुद्धा, असं जमनाताईने सांगितलं आणि गाडी पुसायला घेतली.

हे मला आवडलं नाही, पण आवडलं नाही ते इंजिनीअर म्हणून. चालकाने न सांगता गाडी थांबते, म्हणजे कुठेतरी गंजलेला सेन्सर तिला स्टेशन आलं असं सांगतोय. आणि गाडीला स्टेशन आलं असं वाटलं तर पुढची गोष्ट ती करेल ती म्हणजे दारं उघडणं. दोन मजल्यांवर. खाली जाळी नाही, कठडा नाही, आणि डब्यात दुसरी-तिसरीची मुलं.

३

पुढच्या खेपेला वजनाची ट्रायल घेतली. त्यात प्रत्येक खुर्चीवर वाळूची गोणी ठेवतात, पट्टा बांधतात आणि गाडी फिरवतात. वरोरच्या किनाऱ्याकडून आणलेली वाळू होती, अजून ओलसर. गोण्या ताठ भरून घेतल्या, पट्टे मी स्वतः आवळले. पुढच्या केबिनमध्ये एकटी जमनाताई. मी स्टेशनात वॉकीटॉकी घेऊन उभी राहिले.

गाडी गेली. ऊन चांगलं कडक होतं. वळणाकडून येणारा चाकांचा आवाज बारीक होत गेला आणि मग बंद झाला. मी वॉकीटॉकीवर विचारलं, का थांबवली.

"मी नाही थांबवली, मॅडम," जमनाताईचा आवाज आला. "उभी राहिली."

मी तिला थांबून राहायला सांगितलं. थोड्या वेळाने चाकांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि गाडी परत आली.

दारं उघडून आत पाहिलं. पट्टे जसेच्या तसे होते. गोण्या सगळ्या डावीकडे कलल्या होत्या. पडल्या नव्हत्या, घसरल्या नव्हत्या. प्रत्येक गोणीचा फक्त वरचा भाग डाव्या खिडकीकडे झुकला होता. बसमधली माणसं बाहेर काही दिसलं की मान काढून बघतात, तशा.

वासुदेवभाई माझ्या मागे उभे होते. मीच त्यांना समजावलं. वळणावर तुळई आतल्या बाजूला उतरती असते. गाडी वेगात असेल तर ते जाणवत नाही, पण थांबली तर सगळं वजन उताराकडे, म्हणजे डावीकडे झुकणार. अगदी साधी गोष्ट आहे. त्यांनी मान डोलावली. माझं स्पष्टीकरण बरोबर होतं, आजही बरोबर आहे. फक्त, हलवून हलवून घट्ट बसवलेली ओली वाळू अशी सहज वाकत नाही, हे गोणी सरळ करताना माझ्या हातांना कळलं. एकेक गोणी सरळ करायला दोन माणसं लागली.

४

वळणावरच्या त्या थांबण्याला जबाबदार असेल असा एकूणएक सेन्सर मी काढून टाकायला लावला. आता गाडीला थांब म्हणणारं तिथे काहीच नव्हतं. मग मी स्वतः तिसऱ्या डब्यात बसले, गोण्यांबरोबर. जमनाताईला बजावलं की काही झालं तरी ब्रेकला हात लावायचा नाही.

गाडी तळ्यावरून गेली, पाण्याच्या घसरगुंड्यांवरून गेली, भिंत ओलांडून बाहेर पडली. गवत कापणीला आलेलं, वाऱ्यावर पिवळं हलत होतं. मी डाव्या दारापाशी गुडघ्यावर बसले. कुलपाचा खटका हलतो का, एवढंच मला बघायचं होतं. दाराचा वरचा भाग काचेचा, खालचा पत्र्याचा, आणि अगदी तळाला, पाणी निघून जावं म्हणून ठेवलेली बोटभर उंचीची फट. माझा चेहरा त्या फटीजवळ होता.

चाकांचा आवाज थांबला. धक्का बसला नाही. शिकलेला चालक प्लॅटफॉर्मला गाडी लावतो, तशी ती अलगद उभी राहिली.

पहिल्यांदा मला वास आला. डोक्याला चोपडलेल्या खोबरेल तेलाचा आणि घामाचा, सकाळच्या भरलेल्या एसटीत येतो तो. मग फटीतून येणारा उजेड कमी झाला. मी पाहिलं.

पाय होते.

दाराबाहेर, उंबऱ्याला लागून, एका रेषेत. अनवाणी, काही रबरी चपला घातलेले, एका बाईच्या पायात जोडवी. बोटांवर रस्त्याची लाल धूळ. ते तरंगत नव्हते. ते कशावर तरी टेकले होते, कारण एका पायाने भार दुसऱ्यावर टाकला आणि टाच जरा वर उचलली, खूप वेळ रांगेत उभं राहिलेलं माणूस उचलतं तशी.

काचेतून वर बघायला फक्त मान उचलायची होती. मी उचलली नाही. ते धैर्य मला झालं नाही असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. मला वाटतं की ती माझ्या आयुष्यातली सर्वांत समंजस गोष्ट होती. मी खटक्यावर हात ठेवला आणि पूर्ण ताकदीने दाबून धरला, कारण दार बाहेरून हलायला लागलं होतं. जोर नव्हता त्यात. दार अडकलंय का, हे बघावं तसं कुणीतरी ते हळूच ओढून बघत होतं.

मागच्या गोण्यांचे पट्टे एकदम करकरले. मग गाडी चालू झाली आणि फटीतून लख्ख ऊन आत आलं.

५

स्टेशनात उतरल्यावर मी पाणी प्यायले आणि तिथल्या तिथे लिहून दिलं की मोनो चालवण्यास अयोग्य आहे. कारणं खरी दिली. चालकाच्या आज्ञेशिवाय थांबते, डाव्या दारांची कुलपं भरवशाची नाहीत, सुटे भाग मिळत नाहीत. यातल्या एकाही वाक्यावर मला कुणी अडवू शकलं नसतं. वासुदेवभाईंनी मला बरंच विनवलं. सहली ठरल्या आहेत, पोरं हिरमुसतील, निदान वळणावर जोरात न्यायची अट घालून तरी सोडा. मी एवढंच म्हटलं की त्या डब्यात तुमची नात बसणार असेल तर तसं सांगा. त्यांनी मालकांना फोन लावला. मालकांनी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि मग सगळी मोनोच काढून टाकायचं ठरवलं. पाडकाम माझ्या देखरेखीखाली होईल अशी अट मी घातली.

घरी मी नवऱ्याला पायांचं सांगितलं. त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. गाडी बंद झाली ना, मग झालं, असं तो म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. धोका ओळखला, गाडी थांबवली, एकालाही खरचटलं नाही. माझं काम याहून वेगळं नसतं.

जमनाताईला काय दिसलं ते मी विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही. फक्त डबे क्रेनने खाली उतरवले त्या दिवशी ती तोंड फिरवून उभी होती.

६

डबे गेल्यावर तुळई कापायला घेतली. स्टेशनाकडून सुरुवात करून मागे मागे कापत जायचं. गॅसकटरवाले हुशार होते, काम भराभर पुढे सरकलं. भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात कापलेलं टोक कुंपणाच्या भिंतीपाशी आलं. तिथून पुढे वळणापर्यंतची तुळई अजून खांबांवर उभी होती.

जेवणाच्या सुट्टीत माणसं झाडाखाली गेली, कटर बंद झाले, आणि मला भिंतीपलीकडे धप्प असा आवाज ऐकू आला. जड, भरलेला. वासुदेवभाई म्हणाले की पलीकडे गवत कापणाऱ्या बाया भारे टाकत असतील. ते पटण्यासारखं होतं. हंगामच होता. थोड्या वेळाने पुन्हा आवाज झाला. मग पुन्हा.

मी भिंतीच्या दारातून बाहेर गेले. गवत कापणाऱ्या बाया दूर रस्त्याच्या पलीकडे होत्या. इथे कुणी नव्हतं. तुळईचं कापलेलं टोक माझ्या डोक्यावर, निळ्या आकाशात तसंच संपलेलं. त्याच्या बरोबर खाली गवत गोलाकार दबलेलं होतं. मी बघत असतानाच माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, धप्प झालं. पायाखालची जमीन हादरली. गवत भुईसपाट झालं. मग दबलेल्या जागेपासून पुढे ते थोडं वाकलं, थांबलं, पुन्हा थोडं वाकलं, थांबलं. लंगडत चालणारा माणूस गेला तर वाकेल तसं. आणि तो तेलाचा वास.

जमनाताई माझ्या मागोमाग आली होती. भिंतीच्या दारात उभी राहून ती वर तुळईकडे बघत होती.

"गाडी येत नाही म्हणून चालत निघालेत," ती म्हणाली.

त्या तुळईवरून माणूस चालू शकत नाही. रुंदी पुरत नाही, धरायला काही नाही. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि त्याच्याबरोबर दुसरंही आलं, की ती जिथे संपते ते टोक मी ठरवलेलं आहे. उंचावर काम चालू असताना उघडं टोक सोडायचं नाही, तिथे अडथळा लावायचा, हा माझ्या कामातला पहिला नियम. आणि मी तो लावला नव्हता, कारण वरून कुणी येणारच नाही हे मला माहीत होतं.

वर पुन्हा काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज आला.

"थांबवता येतील का?" मी तिला विचारलं.

"इतकी वर्षं थांबलेच की," जमनाताई म्हणाली.

७

बंद पडलेल्या घसरगुंडीचा एक लोखंडी जिना यार्डात पडून होता. तो मी आधी पाहून ठेवला नव्हता. जमनाताईने दाखवला. क्रेन अजून तिथेच होती. वासुदेवभाईंना मी सांगितलं की कापलेल्या टोकाला जिना जोडायचा आहे, आत्ता, जेवण अर्धं ठेवून. त्यांनी कारण विचारलं. तपासणीसाठी, मी म्हणाले. माझा आवाज बहुतेक असा असावा की ते लगेच क्रेनवाल्याला हाक मारायला गेले.

काम मी उभं राहून करून घेतलं. पायऱ्या घट्ट आहेत का ते हातोडीने वाजवून पाहिलं. हातकठडा एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूला पाइप जोडून घेतला. खालची शेवटची पायरी जमिनीपासून फार उंच राहत होती, तिथे दगड लावून पक्कं केलं. वेल्डिंग करणाऱ्या नवीन नावाच्या माणसाने विचारलं की रानात उतरणाऱ्या या जिन्यावर चढणार कोण. चढणार कुणी नाही, मी सांगितलं, तू वेल्डिंग नीट कर. तेवढा वेळ मी सतत वरच्या टोकाकडे बघत होते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या तोवर वर काही सरकलं नाही. जणू कुणी समजून उमजून थांबलं होतं.

शेवटचा सांधा थंड झाला. क्रेनने साखळी सोडली. माणसं आपापली हत्यारं उचलून भिंतीआड गेली, वासुदेवभाईही गेले. जिन्याच्या पायथ्याशी मी आणि जमनाताई दोघीच उरलो. ऊन अजून होतं. जिन्याची सावली गवतावर नीट पडली होती, एकेक पायरी मोजता यावी इतकी स्पष्ट.

मला माझं काम तपासायचं होतं. जिना हलतो का, कुठे ढिला आहे का. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, इतक्यात वरची पायरी किंचित वाजली. लोखंडावर वजन आलं की वाजते तशी. मग तिच्या खालची. हातकठड्याच्या पाइपातून एक बारीक कंप खाली उतरत आला, माझ्या बोटांपर्यंत.

मी पाइप सोडला आणि बाजूला झाले. विचार करून नाही. जिन्यावरून कुणी उतरत असलं की आपण बाजूला होतो, तशी. जमनाताईही झाली, दुसऱ्या बाजूला. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि मान खाली घातली. आमच्या दोघींच्या मधून गवत वाकलं. या वेळी ते अडखळलं नाही. सरळ, एका चालीने, झरीच्या रस्त्याकडे वाकत गेलं.

"नीट जा," जमनाताई हळूच म्हणाली.

पायऱ्या वाजत राहिल्या. कधी दोन एकदम, कधी एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी एक, मग बरंच थांबून दुसरी. कधी लहान मुलाने उडी मारून शेवटच्या दोन एकदम उतराव्यात तसा हलका आवाज. मला भीती वाटत होती, पण जिना पक्का होता, एकही सांधा कुरकुरत नव्हता, आणि ते ऐकून मला मनात कुठेतरी बरं वाटत होतं हेही खरं आहे. ओळ संपली की वर जाऊन पाहायचं, असं मी ठरवलं.

ताडांच्या सावल्या लांबत भिंतीला टेकल्या. भिंतीआडून वासुदेवभाईंनी मला दोनदा हाक मारली. मी गेले नाही, कारण भिंतीच्या दाराकडे जाण्यासाठी मला जमनाताईच्या बाजूला जावं लागलं असतं, आणि आमच्या दोघींच्या मधून पलीकडे जायला मोकळी जागा काही मिळत नव्हती.